जे धावते, त्याचे छायाचित्र

वऱ्हाडात सुगी आटोपली की शंकरपटाचे दिवस येतात. मोकळ्या रानात सरळ, लांबलचक पट आखला जातो. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी एका टोकाला उभी राहते, धुरकरी कासरे मुठीत घट्ट धरतो, आणि इशारा होताच जोडी सुटते. पटाच्या दुसऱ्या टोकाशी कोणी कॅमेरा रोखून उभा असेल, तर त्याच्या दृष्टीने ही जोडी म्हणजे क्षणाक्षणाला मोठी होत जाणारी आणि एक निमिषही एका अंतरावर न ठरणारी वस्तू होय. डोळ्यांना ती लख्ख दिसते. परंतु घरी येऊन चित्र पाहावे तो मागे उडालेली धूळ स्पष्ट, आणि बैलांची तोंडे मात्र पुसट! पाहणाऱ्याचा डोळा चुकला नाही, कॅमेराही मोडका नाही. मग चुकले कोठे? या एका प्रश्नाच्या उत्तराचा माग काढीत गेले असता छायाचित्रणकलेचा जवळजवळ सर्व इतिहास हाती लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतीवर जगणारा हा मुलूख. पोळ्याच्या दिवशी येथेही शिंगांना बेगड लागते आणि पाठीवर झूल पडते. या गावाच्या पश्चिमेस अजिंठ्याची लेणी आहेत, तर आग्नेयेकडे, त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. एका अंगाला शतकानुशतके जागचे न हललेले पाषाण, दुसऱ्या अंगाला क्षणभरही न थांबणारे वन्य जीवन, आणि मध्ये माणसांचे व बैलांचे गाव. जे स्थिर आहे त्याचे चित्र कॅमेऱ्याने प्रथम घेतले आणि जे चालते त्याचे फार मागाहून. तो सारा प्रवास या थोड्याशा भूमीच्या साक्षीने सांगता येतो.

सन १८३९ च्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस येथे दागेर याच्या छायाचित्रणपद्धतीचे रहस्य जगापुढे मांडण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी दागेरने पॅरिसमधील एका रहदारीच्या राजमार्गाचे चित्र आपल्या खिडकीतून घेतले होते. त्या चित्रात झाडे आहेत, घरे आहेत, धुराडी आहेत. परंतु रस्ता जवळजवळ ओसाड आहे. वस्तुतः त्या वेळी तेथून गाड्या जात होत्या, माणसे ये-जा करीत होती. परंतु प्रकाशाचा ठसा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. जो चालत होता तो त्या अवधीत निघून गेला आणि त्याची छायादेखील पत्र्यावर राहिली नाही. कोपऱ्यावर एक गृहस्थ जोडे पुसून घेण्यासाठी उभा होता. तो थांबला म्हणून तेवढा उमटला. छायाचित्रात सापडलेला पहिला मनुष्य म्हणून इतिहास त्याच्याकडे बोट दाखवितो. त्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही.

या लहानशा गोष्टीत एक मोठा अर्थ भरलेला आहे. ज्याला थांबण्याची सवड होती, तो उमटला. ज्याला पोटापाण्यासाठी चालणे भाग होते, तो पुसला गेला. एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडील पुष्कळ छायाचित्रे पाहावीत. राजेरजवाडे खुर्चीवर बसलेले, देवळे व किल्ले आपापल्या जागी, गोरे अधिकारी कुटुंबासह तिवईशेजारी उभे. परंतु मळणीची पात फिरत असताना, मोट ओढली जात असताना, बाजार भरात असताना त्या गजबजीचे चित्र क्वचितच सापडते. सापडलेच तर माणसांच्या जागी धुक्यासारखे डाग. समाजाचे श्रम करणारे अंग त्या यंत्राला दिसतच नव्हते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईस या नव्या विद्येचे स्वागत उत्साहाने झाले. तेथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामांकित छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या कलेतील आरंभीचे एक मान्यवर होत. तोपर्यंत आर्चर याची ओल्या काचेची पद्धत १८५१ मध्ये निघाली होती. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. तरी काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे, लागलीच अंधारात धुवावयाचे, अशी घाई असे. बसलेल्या माणसाची मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. छायाचित्र काढून घेणे म्हणजे काही काळ पाषाण होणे, असाच तो प्रकार होता.

पाषाणांच्याच चित्रणासाठी या काळात रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी अजिंठ्यास राहत होता. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली त्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळून गेल्या. मात्र त्याने कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे टिकली; १८६४ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली होती. गिल हा शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. १८७९ साली तो वारला आणि भुसावळ येथे त्याचे दफन झाले. अजिंठ्याच्या डोंगरात त्या काळी वाघ पुष्कळ होते. परंतु जिवंत वाघ कॅमेऱ्यापुढे थांबणार कसा? त्या काळच्या वन्य श्वापदांच्या चित्रांत बहुधा शिकार होऊन पडलेले जनावरच दिसते, याचे अर्धे कारण शिकाऱ्याची हौस असली तरी अर्धे कारण यंत्राची असमर्थता होती. यंत्राला मेलेलाच वाघ पाहता येत होता.

ही असमर्थता दूर करणारा पहिला बदल रसायनशास्त्रात झाला. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचविली, आणि पुढील दहा वर्षांत ती इतकी सुधारली की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. पण तत्पूर्वीच, ओल्या काचेवरच, अमेरिकेत मायब्रिज याने एक अपूर्व प्रयोग केला होता. घोडा चौखूर धावताना त्याचे चारही पाय एकाच क्षणी भूमीपासून सुटतात की नाही, हा वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे मायब्रिजने मार्गाशेजारी बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांच्या झडपांना दोरे बांधून ते मार्गावर आडवे ताणले. घोडा दौडत गेला, एकामागून एक दोरा तुटला, आणि बारा चित्रे उमटली. चारही पाय खरोखरच अधांतरी होते. मात्र चित्रकार आजवर दाखवीत तसे पुढे-मागे फेकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा केलेले! शेकडो वर्षे चित्रकारांनी डोळ्यांनी पाहून जे काढले ते खोटे ठरले. फ्रान्समध्ये मारे याने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून एका सेकंदात बारा चित्रे घेण्याची युक्ती साधली आणि उडत्या पक्ष्याच्या पंखांची गती टिपली.

गतीचा हा ध्यास महाराष्ट्रात येण्यास फार वेळ लागला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावे दादा या नावाने ते ओळखले जात आणि त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डन येथे दोन मल्लांच्या कुस्तीचे चित्रण केले. पुढे गणितात केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशी परतले, त्या प्रसंगाचे चित्रणही त्यांनीच केले. आपल्या देशातील माणसाने देशातील चालती-बोलती माणसे चालत असतानाच टिपली, त्याचा आरंभ असा आखाड्यातून झाला.

दादासाहेब फाळके यांनी तर याच विद्येचा उलटा प्रयोग करून दाखविला. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत त्याच्या वाढीचा चित्रपट तयार केला. जे इतके सावकाश चालते की डोळ्यांना स्थिर वाटते, ते पडद्यावर भराभर वाढताना दिसले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वतःच घडविला आणि त्याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. परदेशी यंत्रावाचून अडून न बसण्याची ही कोल्हापुरी करामत आजही अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

येथपर्यंत जी अडचण दूर झाली ती काळाची. झडप एक सहस्रांश सेकंद उघडली तर सेकंदाला दहा मीटर वेगाने आडवा जाणारा बैल तेवढ्यात फक्त एक सेंटिमीटर पुढे सरकतो. चित्र स्पष्ट येते. परंतु दुसरी अडचण उरलीच होती, आणि ती अंतराची. भिंगाचा स्वभाव असा की एका वेळी ते एकाच अंतरावरील वस्तू रेखीव दाखविते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे व थोडे पलीकडे जे असेल ते चालून जाते. बाकीचे पुसट होते. याच जुळवणीला फोकस म्हणतात. वस्तू आडवी जात असेल तर तिचे अंतर फारसे बदलत नाही. पण ती समोरून अंगावर येत असेल तर फोकस क्षणोक्षणी बदलावा लागतो. मायब्रिजचा घोडा आडवा धावत होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या अडचणीवर जुन्या छायाचित्रकारांनी तीन उपाय योजले होते. पहिला, भिंगाचे छिद्र लहान करणे. त्याने दूर-जवळचे बरेचसे रेखीव येते, पण प्रकाश कमी पडतो. दुसरा, वस्तू कोठून जाणार याचा अदमास घेऊन त्या जागी आधीच फोकस लावून दबा धरून बसणे, जसा कोळी जाळे पसरून मासा येण्याची वाट पाहतो. तिसरा, हाताने कडे फिरवीत वस्तूबरोबर फोकस सरकवीत नेणे. चित्रपटाच्या कामात तर नटाने किती पावले टाकावयाची हे फितीने मोजून, भुईवर खुणा करून, त्या मापाने भिंग फिरविण्यासाठी एक स्वतंत्र सहायक ठेवण्याची चाल पडली, आणि ती आजही आहे. या तिन्ही उपायांत यंत्र आंधळे आणि माणूस डोळस, असा प्रकार होता. अंतर कळत होते ते माणसाला.

यंत्राला अंतर कळावे यासाठीची खटपट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फळास आली. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने आपोआप फोकस साधणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. त्यातील मापनाचा भाग अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा होता. १९७८ साली पोलरॉइडने ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. वटवाघूळ अंधारात वाट काढते तीच ही रीत. १९८१ मध्ये पेंटॅक्सने भिंग बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यात हा प्रयोग केला. परंतु खरी क्रांती झाली ती १९८५ साली. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात फोकस पाहणारा संवेदक आणि भिंग फिरविणारी मोटर ही दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगातच बसविलेली होती. यालाच जगभर ऑटोफोकस हे नाव रूढ झाले. १९८७ साली कॅननने आपल्या नव्या मालिकेत मोटर कॅमेऱ्यात न ठेवता प्रत्येक भिंगातच बसविली. मिनोल्टावर मात्र हनीवेलने आपल्या शोधाच्या हक्काचा दावा लावला आणि १९९२ साली अमेरिकेत त्याचा निकाल मिनोल्टाच्या विरुद्ध लागला.

यंत्राला फोकस कळतो तो कसा, हे समजून घेणे अवघड नाही. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत तंबोरा जुळविणाऱ्याची. खुंटी पिळीत जावे, स्वर जवळ आला असे वाटावे, थोडे आणखी पिळताच तो पुढे निघून जावा, मग किंचित मागे यावे. असे पुढे-मागे करीत स्वर सापडतो. त्याचप्रमाणे यंत्र भिंग सरकवीत चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा भेद अधिकाधिक स्पष्ट होतो की नाही हे पाहते आणि शिखर ओलांडल्यावरच त्याला शिखर कळते. ही रीत बिनचूक, पण मंद. तंबोरा जागचा हलत नाही म्हणून जुळतो. बैल काही तोवर थांबत नाही!

दुसरी रीत दोन डोळ्यांची. अंगठा समोर धरून प्रथम उजवा डोळा मिटावा, मग डावा. अंगठा जागचा सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणला तर तो अधिक सरकतो, दूर नेला तर कमी. भिंगाच्या दोन विरुद्ध कडांतून आलेला प्रकाश निराळा काढून यंत्र दोन लहान प्रतिमा शेजारी शेजारी पाडते आणि त्यांमधील अंतर मोजते. ते ठरल्याइतके असेल तर फोकस बरोबर. कमी-अधिक असेल तर भिंग कोणत्या दिशेने आणि किती फिरवावे हे एकाच दृष्टिक्षेपात कळते. चाचपडावे लागत नाही. मिनोल्टाच्या यशाचे मर्म या दुसऱ्या रीतीत होते.

तरीसुद्धा शंकरपटातील बैलांची तोंडे पुसटच येत राहिली. कारण आता चूक मोजमापाची नव्हती, तर वेळेची होती. एक उदाहरण घेऊ. जोडी सेकंदाला दहा मीटर वेगाने समोरून येत आहे. छायाचित्रकाराने ३०० मिलिमीटरचे भिंग २.८ इतके छिद्र उघडून वीस मीटरवर रोखले आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या चौकटीत अशा वेळी रेखीव येणारा पट्टा सारा मिळून सुमारे पाऊण मीटरचा. म्हणजे फोकसच्या अलीकडे व पलीकडे सुमारे एकेक हात. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो आणि मग झडप उघडते. याला सेकंदाचा विसावा भाग जरी लागला, तरी तेवढ्यात बैल अर्धा मीटर पुढे आलेले असतात! म्हणजे यंत्राने अंतर अगदी बिनचूक मोजले तरी चित्र उमटते त्या क्षणी ते अंतर शिळे झालेले असते. मागची धूळ रेखीव का येते याचे उत्तर येथे मिळते. कॅमेऱ्याने बैल जेथे होते तेथे फोकस साधला; जेथे ते असणार होते तेथे नव्हे.

यावर एकच तोड होती. यंत्राने वर्तमान न पाहता भविष्य पाहावे. १९८८ साली मिनोल्टा ७०००आय या कॅमेऱ्यात ही योजना आली आणि लवकरच इतर कंपन्यांनीही ती स्वीकारली. कॅमेरा लागोपाठ काही वेळा अंतर मोजतो, त्यावरून वस्तूचा वेग काढतो, आरसा उचलण्यास लागणारा काळ त्यात मिळवितो, आणि झडप उघडेल त्या क्षणी वस्तू कोठे असेल ते गणिताने ठरवून भिंग तेथे नेऊन ठेवतो. गोफण फिरविणारा राखणदार उडत्या पाखरावर दगड टाकताना पाखराच्या पुढे नेम धरतो. त्याला हे गणित कोणी शिकविलेले नसते. यंत्राला ते आकडे मांडून शिकवावे लागले, एवढाच काय तो भेद.

पुढे फिल्म गेली आणि डिजिटल कॅमेरा आला. १९९९ साली निकॉनने वृत्तछायाचित्रकारांसाठी डी १ हा कॅमेरा काढला. परंतु फोकसच्या दृष्टीने अधिक मोठी घटना आरसा जाण्याची होय. २००८ मध्ये पॅनासॉनिकने बिनआरशाचा भिंग बदलता येणारा कॅमेरा आणला, तेव्हा त्याला तंबोऱ्याच्या रीतीवरच भागवावे लागले. २०१० साली फुजीने प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावरच दोन डोळ्यांची रीत बसविली. २०१३ साली कॅननने संवेदकाचा प्रत्येक बिंदू दोन अर्धांत विभागून ती रीत चित्राच्या फार मोठ्या भागावर पसरविली. मिनोल्टाचा वारसा २००६ साली ज्या सोनीकडे गेला होता, तिने २०१७ साली काढलेला कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेई आणि त्याच सेकंदात साठ वेळा फोकसचा हिशेब मांडी. यंत्र आता चित्र घेतानाही डोळा मिटत नव्हते.

राहिला एकच प्रश्न. पाहावयाचे कशाकडे? चौकटीत धूळ आहे, छकडा आहे, धुरकऱ्याचा फेटा आहे, कडेच्या लोकांची गर्दी आहे. फोकस कोणावर साधावा? गेल्या काही वर्षांत यंत्राला हेही शिकविण्यात आले. लाखो चित्रे दाखवून त्याला चेहरा ओळखावयास लावले, मग डोळा. २०१९ साली प्राण्यांचे डोळे ओळखणारे कॅमेरे आले. आरंभीच्या याद्यांत कुत्री व मांजरे होती. पक्षी, घोडे, आगगाड्या व विमाने यांचीही भर पडली. ज्या देशांत हे कॅमेरे घडविले गेले आणि ज्या घरांत ते प्रथम विकले गेले, त्यांच्या आवडीची ही यादी आहे. वऱ्हाडच्या बैलाचे नाव त्या आरंभीच्या याद्यांत नव्हते. यंत्र बैलावर फोकस साधू शकत नाही असा याचा अर्थ नव्हे. चौकटीतील ठराविक बिंदू बैलाच्या कपाळावर धरून ठेवला तर उत्तम चित्र येते, आणि वऱ्हाडातले जाणते छायाचित्रकार नेमके हेच करतात. परंतु ओळख म्हणून जी असते, ती शिकविल्यावाचून होत नाही. पॅरिसच्या राजमार्गावर जो चालत होता तो पुसला गेला तो प्रकाशाच्या मंदपणामुळे; आज जो यादीत नाही तो मागे पडतो तो शिकविणाऱ्याच्या विस्मरणामुळे. पहिली अडचण निसर्गाची होती, दुसरी माणसाची आहे. म्हणूनच ती दूर करणे अधिक सोपे असले पाहिजे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. महाराष्ट्राने पुढे कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरविला. या सगळ्या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. धावताना बैलाला पीडा होते की नाही? कोणी म्हणे तो आनंदाने धावतो, कोणी म्हणे पराणीच्या भयाने. मायब्रिजच्या घोड्याप्रमाणे येथेही डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. बैलाचे डोळे, नाकपुड्या, शेपटीजवळचा धुरकऱ्याचा हात, हे सारे एका क्षणात रेखीव दाखविणारे चित्र दोन्ही पक्षांना सारखेच निरुत्तर करू शकते. पुसट चित्र मात्र ज्याला जे पाहावयाचे ते दाखविते. स्पष्टता ही अशा ठिकाणी न्यायाची सेवा करते. मुक्या प्राण्याची बाजू मांडावयास दुसरा साक्षीदार कोठून आणणार?

या कथेचा शेवट पुन्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेत होतो. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बिबट्या आणि अस्वल ही येथील मुख्य श्वापदे. वाघ येथून केव्हाच नाहीसा झाला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ पट्टा बांधला. टी१-सी१ ही त्याची सरकारी नोंद. लोकांनी पुढे त्याला वॉकर म्हणजे चालणारा हे नाव दिले. जून महिन्यात तो टिपेश्वरहून निघाला. शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, विदर्भ-मराठवाड्यातून आणि तेलंगणातून फिरत, नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाट त्याने तुडविली आणि ज्ञानगंगेत येऊन तो विसावला. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा काढण्यात आला. इतका चालणारा वाघ आपल्या देशात पूर्वी कोणी नोंदलेला नव्हता.

अशा वाघाची चित्रे ज्या पेटीने घेतली जातात ती झाडाला बांधलेली असते. तिच्याजवळ माणूस नसतो. जनावराच्या अंगाची ऊब पुढून सरकली की ती जागी होते आणि चित्र घेते. मायब्रिजने घोड्याच्या वाटेवर दोरा ताणला होता. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी चँपियन याने १९२० नंतरच्या दशकात जंगलातील पायवाटेवर तार ताणून रात्रीच्या वाघाची चित्रे मिळविली आणि १९२७ साली ती पुस्तकात प्रसिद्ध केली. आजची पेटी ही त्याच दोऱ्याची पणती आहे. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा पेट्या २६,८३८ ठिकाणी लावण्यात आल्या होत्या. आणि मौज अशी की, या पेट्यांपैकी बहुतेकांत ऑटोफोकस नसतोच! भिंग लहान, अंतर कायमचे ठरविलेले. दोन-तीन हातांपासून पुढचे सारे बऱ्यापैकी रेखीव. फोकस कोणी साधला? ज्या वनरक्षकाने पायवाट पाहिली, ठसे पाहिले, पाणवठा पाहिला, आणि वाघ येथूनच जाईल असे ओळखून पेटी त्या झाडाला, त्या उंचीवर बांधली, त्याने साधला. दबा धरून बसण्याचा जुना उपायच येथे कामास आला.

गिलच्या काळी याच डोंगरात वाघाचे चित्र हवे असेल तर आधी वाघ मारावा लागे. दीडशे वर्षांनी त्याच डोंगरात वाघ चालत आला, आणि त्याला न थांबविता, न दुखविता, त्याच्या चालीतच त्याचे चित्र घेता आले. छायाचित्रणाच्या प्रगतीचे माप एवढ्यावरून घ्यावे. एका सेकंदात किती चित्रे आणि किती हिशेब, ही मोजणी बाजाराची. खरी मोजणी अशी की, चित्र घेण्यासाठी समोरच्याला किती थांबावे लागते. बसलेल्या माणसाची मान लोखंडी आधारात जखडणारी विद्या आज धावत्या बैलाला, चालत्या वाघाला, काम करणाऱ्या माणसाला आपल्या गतीने राहू देऊन त्याचे चित्र घेऊ शकते.

मात्र बैल कोणत्या वळणावर मान उंचावील, धुरकरी कोठे कासरा ढिला सोडील, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या छायाचित्रकारास जसे कळते तसे कोणत्याही यंत्रास अद्याप कळलेले नाही. यंत्र पुढच्या विसाव्या भाग सेकंदाचे भविष्य सांगते. त्यापलीकडचे ज्याचे त्याला ओळखावे लागते. पुढच्या सुगीनंतर पटाच्या टोकाशी कोणी कॅमेरा घेऊन उभा राहील, तेव्हा त्याने बिंदू बैलाच्या कपाळावर ठेवावा, आणि कळ दाबण्यापूर्वी त्या जनावराकडे क्षणभर नुसते पाहावे. जे धावते, त्याचे चित्र त्या पाहण्यातच अर्धे उमटलेले असते.